सूर्यावरचं फिलामेंट बघायला कोणती दुर्बीण? बजेट २५ हजार

मीनल_कोथरूड: नमस्कार. लेक नववीत आहे. फिलामेंटचा (सूर्यावर तरंगणाऱ्या वायूच्या लांब पट्ट्याचा) उद्रेक आणि त्यानंतर करोनात, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात बाहेरच्या वातावरणात, होणारा बदल तिला गच्चीवरून बघायचाय. २५ हजारांच्या वर जमणार नाही. काय घ्यावं?

टेकडीवाला: एच-अल्फा दुर्बीणच घ्या. माझी ४० मिलिमीटरची आहे. ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश तेवढा आत येतो. फिलामेंट तबकडीवर काळ्या दोऱ्यासारखं दिसतं, तेच कडेला आलं की उजळ ज्वाळा. बजेट वाढवा.

सहकारनगर_७: एवढे पैसे कशाला? माझी आठ इंची डॉब्सोनियन (साध्या स्टँडवरची आरशाची दुर्बीण) आहे, तोंडाशी सोलर फिल्टर. डाग काय सुंदर दिसतात!

टेकडीवाला: डाग दिसतील, फिलामेंट नाही. त्यांनी फिलामेंट विचारलंय.

आजोबा_औंध: ताई, आयपीसला (डोळा लावतो त्या भिंगाला) लावायचा काळा फिल्टर मिळाला तर फेकून द्या. आमचा उन्हात तडकला, नातू नुकताच बाजूला झाला होता म्हणून वाचला. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या तोंडाशीच हवा.

राहुल_पाषाण: एच-अल्फाच घ्या. आणि सूर्याचं म्हणाल तर भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानावरची सूट दुर्बीण आपल्या आयुका संस्थेची, पुण्याची!

निशाचर: सूट खालचे थर बघते. करोनासाठी त्याच यानावर व्हीईएलसी हे उपकरण आहे, ते बंगळुरूच्या संस्थेचं.

राहुल_पाषाण: तरी सूट पुण्याचीच.

निशाचर: मीनलताई, मुद्द्याचं सांगतो. करोनातला बदल गच्चीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून दिसणार नाही. फिलामेंट म्हणजे दहा हजार अंशांच्या आसपासचा वायू, चुंबकीय रेषांनी दहा लाख अंशांच्या करोनात तोलून धरलेला. तोल गेला की तो उसळतो, वरचा करोनाही सोबत ओढून नेतो. मागे उरलेला भाग विरळ होऊन काळवंडतो, तुटलेल्या रेषा पुन्हा जुळतात तिथे तापलेल्या कमानींची रांग उजळते. हे अतिनील किरणांच्या अगदी आखूड लहरींत दिसतं, आणि त्या हवेतून खाली पोचत नाहीत. नासाच्या एसडीओ या सूर्य बघणाऱ्या उपग्रहाची चित्रं फुकट आहेत: फिलामेंटसाठी ३०४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची, करोनासाठी १९३ ची. ३१ ऑगस्ट २०१२ चा उद्रेक आधी दाखवा.

सहकारनगर_७: डॉब्सोनियनमधून रात्री शनीही दिसतो.

आजोबा_औंध: फिल्टर तोंडाशीच, ताई.

मीनल_कोथरूड: सगळ्यांचे आभार. दुर्बीण घेत नाही. २०१२ चा उद्रेक काल दोघींनी बघितला, लेक तो मागे-पुढे करत कमानी शोधत बसली. २५ हजार बाजूला टाकलेत, त्यात भर घालत जाईन. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरला खग्रास सूर्यग्रहण आहे, सहा मिनिटांहून जास्त. सूर्य पूर्ण झाकला की करोना तिथे डोळ्यांनी बघू. तिकडे कोणी जाणार असेल तर कळवा.