तिशीत 'आई' झालेल्या रीमा लागू: आपण एक मोठी नटी गमावली का?

महाल_हौशी (धागाकर्ता)
राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी लागल्या की पात्रवाटपावरून खटके उडतातच. यंदा आमच्या संस्थेत पस्तिशीतल्या एका ताईंनी विशीतल्या पोराची आई करायला साफ नकार दिला. दिग्दर्शक म्हणाले, "रीमा लागूंनी तिशीत आई केली, त्यांचं काय बिघडलं?"

माझ्या मते पुष्कळ बिघडलं. रीमाताईंचा जन्म 1958 चा. 'कयामत से कयामत तक'मध्ये जुही चावलाची आई झाल्या तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर. पुढच्याच वर्षी, 1989 च्या डिसेंबरअखेर 'मैंने प्यार किया' आला, सलमान नुकता 24 चा आणि या 31 च्या. 'वास्तव'मध्ये (1999) संजय दत्तची आई. तो 1959 चा, यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान! जयवंत दळवींच्या 'पुरुष' नाटकात नाना पाटेकरांसमोर अंबिका उभी करणारी ही बाई. अत्याचार सोसून पुन्हा उभी राहणारी आणि हिशेब चुकता करणारी ती शिक्षिका ज्यांनी पेलली, त्यांच्या हातात हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं आरतीचं ताट दिलं. याचं मला मनापासून दुःख आहे.

बजाजनगर
हे मुळीच पटलं नाही. वयाचंच म्हणाल तर 'मैंने प्यार किया'त भाग्यश्रीचे वडील झालेले आलोकनाथ 1956 चे, म्हणजे तेही 33 चेच होते. तो काळच तसा होता, एकट्या बाईवर अन्याय झाला असं नाही.

आणि टीव्ही विसरलात का? 'श्रीमान श्रीमती'तली कोकी कुणाची आई म्हणून लक्षात राहिली का? जतीन कनाकियांसारख्या विनोदाच्या बादशहासमोर त्या नुसत्या एका नजरेने हशा घ्यायच्या. 'तू तू मैं मैं'मध्ये सासू होत्या, हे खरं. पण सगळी मालिका सासू आणि सून या दोघींच्याच खांद्यावर होती. सून झालेल्या सुप्रिया पिळगावकर रीमाताईंहून नऊच वर्षांनी लहान, तरी सासू-सून म्हणून दोघी कधी खोट्या वाटल्या नाहीत. सिनेमातल्या हिरोइनीला पाच वर्षांत विसरतात. रीमाताई 18 मे 2017 ला गेल्या तेव्हाही 'नामकरण'चं काम सुरूच होतं. याला गमावणं म्हणायचं?

वर्धा_रोड
काहून एवढं मनाला लावून घेऊन राहिले भाऊ? 'वास्तव'चा शेवट आठवा न जरा. रघू, म्हणजे संजय दत्त, पार खचलेला, स्वतःचं पिस्तूल आईच्या हातात देते अन् मुक्ती मागते. त्या बाईचा चेहरा पाहा राजेहो. रडणं नाही, ओरडणं नाही. पोराला मारायचं का नाही, हे त्या चेहऱ्यावर ठरताना दिसते. नागपुरात बर्डीवर पाहिला होता मी, थेटरात कोणी खोकललं नाही. आईचा रोल होता म्हणूनच तो सीन झाला न! हिरोइनला कोण देते असा सीन?

महाल_हौशी
वर्धा रोड भाऊ, त्या प्रसंगाबद्दल दुमत नाहीच. पण त्याच सिनेमातलं दुसरं उदाहरण घ्या. रघूचे वडील झाले होते शिवाजी साटम. रीमाताईही बँकेत नोकरी करत नाटकात आलेल्या, साटमही बँकेतलेच. आपल्या नागपुरात बँका, एलआयसी, वीज मंडळातली मंडळी ऑफिस सुटल्यावर तालमीला येतात, तशीच ही दोघं. पण 1998 मध्ये 'सीआयडी' सुरू झाली आणि साटम पंचेचाळिशी उलटल्यावर एसीपी प्रद्युम्न झाले. त्यांच्या भोवती वीस वर्षं मालिका चालली. तिथे त्यांना कुणी "कुणाचे वडील?" असं विचारलं नाही. त्याच वयाच्या रीमाताईंसाठी एखादी पोलीस अधिकारी, एखादी वकील कुणी लिहिली का? आलोकनाथांचं सांगता, पण पुरुषांना ही दुसरी वाटही होती. बाईला घराबाहेरची गोष्टच मिळाली नाही. 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन', 'वास्तव', चारदा फिल्मफेअरचं नामांकन, चारही सहाय्यक अभिनेत्रीचीच, आणि एकदाही पुरस्कार नाही.

नंदनवनची_ताई
मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत काम करते, म्हणून लिहिते. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्यांची बुकिंगं लागतात. कुठे मंडई (गावची जत्रा), कुठे शंकरपट (बैलांची शर्यत), तिथे रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेच पडतो. नागपूरहून गाडीने जायचं, सकाळी परतायचं, संध्याकाळी पुन्हा निघायचं. नायिकेसाठी दर हंगामाला नवी मुलगी शोधतात. मला आईची कामं मिळायला लागली तेव्हा होळीपर्यंतचा हंगाम भरायला लागला. मुलीची फी त्यातून गेली. गावातल्या बाया प्रयोगानंतर पडद्यामागे येऊन हात धरतात, त्या मी आई असते म्हणूनच येतात. महालवाले भाऊ, तुमचा राग कळतो. पण आईचं काम म्हणजे नटी संपली, असं लिहिता तेव्हा ते आम्हालाही लागतं. आणि रीमाताईंकडे बघूनच मी ते काम मान वर करून घ्यायला शिकले. शांत, नीट साडी नेसलेली, पोराशी मैत्रिणीसारखी बोलणारी आई त्यांनी आणली. त्याआधी आई म्हणजे खोकणारी आणि शिवणयंत्रावर वाकलेली.

महाल_हौशी
ताई, तुमच्या कामाला कमी लेखलं असं वाटू नये. राग भूमिकेवर नाही, दुसरं काही न देणाऱ्यांवर आहे. 'रिहाई' सिनेमातल्या रीमाताई पाहिल्या आहेत का? नवरे शहरात कमवायला गेलेल्या गावातली बाई, तिचं मन आणि तिचं शरीर, काही लपवलेलं नाही. त्या वाटेने अजून दहा भूमिका मिळायला हव्या होत्या. निदान आपल्या संस्थेत तरी चाळिशीपुढच्या बाईभोवती फिरणारी संहिता निवडू या. सुचवा, पुढच्या रविवारी वाचन ठेवतो.

बजाजनगर
वाचनाला नक्की येईन. पण त्या पस्तिशीतल्या ताईंनी संहिता न वाचताच नकार दिला असेल, तर मी दिग्दर्शकांच्या बाजूने. आईच्या वाट्याला प्रवेश किती आहेत आणि त्यात ती करते काय, हे आधी त्यांना विचारा.