थर्मोस्टॅटवर ७०, खोलीत मात्र ६६

थर्मोस्टॅटवर (तापमान मोजून हीटिंग चालू-बंद करणारं भिंतीवरचं यंत्र) ७० अंश फॅरनहाइट दिसताच फर्नेस (घर तापवणारी भट्टी) बंद होते आणि सोफ्यापाशी ६६च असतात, असं तुम्ही लिहिलंय. थर्मोस्टॅटची बॅटरी बदलायचा सल्ला तुम्हाला आधी मिळालाच आहे, पण बॅटरी उतरली की सहसा स्क्रीन फिका पडतो किंवा फर्नेस सुरूच होत नाही. आकडा चार अंशांनी चढत नाही.

आधी एक साधा थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या अगदी शेजारी चिकटवा, मागे कापसाची घडी ठेवून, म्हणजे भिंतीची ऊब लागणार नाही. २० मिनिटं जवळ उभं राहू नका, श्वासानेही आकडा हलतो. तिथेही ७० आले तर यंत्र बरोबर आहे, जागा चुकली आहे: शेजारचा दिवा, टीव्ही, गरम हवेचा व्हेंट (हवा बाहेर येणारी जाळी) पाहा.

६६ आले तर माझा पहिला संशय थर्मोस्टॅटमागच्या, वायरी बाहेर येतात त्या भिंतीतल्या भोकावर. भिंतीच्या पोकळीतून डक्ट (गरम हवेची वाहिनी) किंवा गरम पाण्याचा पाइप जात असेल, तर तिथली हवा भोकातून थेट सेन्सरवर येते. ब्रेकर बंद करा, थर्मोस्टॅट काढा, भोक प्लंबर पुट्टीने बुजवा. त्याआधी मेन्यूतल्या ऑफसेटला (दिसणारा आकडा काही अंशांनी सरकवायची सोय) कृपया हात लावू नका, खरी चूक त्याखाली झाकली जाते.

जुना, पाऱ्याचा थर्मोस्टॅट असेल तर तो लेव्हलमध्ये, म्हणजे न कलता सरळ, बसवलेला हवा. आतल्या अँटिसिपेटरचा (फर्नेस थोडी आधी बंद व्हावी म्हणून आत ऊब देणारा छोटा भाग) काटा फर्नेसच्या गॅस व्हॉल्व्हवर छापलेल्या अँपिअरशी जुळवा, उदाहरणार्थ ०.४. काटा त्याहून कमी आकड्यावर असला की फर्नेस लवकर बंद होते. बदलायचाच झाला तर पाऱ्याची नळी कचऱ्यात टाकू नका.