रत्नागिरीत राहू की गणपतीपुळ्याला?

बी-३०२: कोकणातलं कोण आहे का सोसायटीच्या ग्रुपवर? नाताळच्या सुट्टीत ३ रात्री जायचंय, आम्ही दोघं, दोन पोरं आणि बाबा. मी पुळ्याला रिसॉर्ट बघितलंय, हे म्हणतायत रत्नागिरी शहरात राहू. आज रात्री बुक करायचंय

ए-१०१: पुळेच. खिडकीतून समुद्र. शहर बघायला एवढं लांब कशाला, शहर इथे आहेच की 😄

बी-६०४: माझं माहेर रत्नागिरी, त्यामुळे मी बोलणारच. पुळ्याला एक दिवस मस्त जातो, दर्शन झालं, देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा झाली, मोदक खाल्ले, फार तर मालगुंडला केशवसुतांचं घर बघितलं, मग दुसऱ्या दिवशी काय? बाकी सगळ्यासाठी परत रत्नागिरीलाच यायचं ना. शहरात राहा, एक दिवस उत्तरेला, एक दक्षिणेला, एक गावात. पुळं आरे-वारेच्या रस्त्याने जेमतेम २५ किलोमीटर. मॅप कधीकधी निवळी फाट्यावरून फिरवतो, त्याचं ऐकू नका, समुद्राकडेचाच रस्ता धरा, वरच्या वळणावरून दोन्ही किनारे खाली दिसतात, माझ्या मते अख्ख्या ट्रिपचे पैसे तिथेच वसूल

बी-३०२: पोरांना तिथे पाण्यात सोडू शकतो का काकू?

बी-६०४: अजिबात नाही!! आरे-वारे आणि पुळे दोन्हीकडे पाणी एकदम खोल होतं आणि ओढ जबरदस्त, पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतच असतात. घोट्यापर्यंत ठीक, तेसुद्धा भरती-ओहोटी तिथल्या माणसाला विचारून. पोहायचं असेल तर सोसायटीच्या टाकीत पोहा (पाणी आलं तर)

सेक्रेटरी: टँकर उद्या ७ वाजता येतोय. कृपया विषयांतर नको.

ए-४०५: गाडी नको, ट्रेनने जा. उक्षी स्टेशन गेलं की करबुडे बोगदा, साडेसहा किलोमीटर, पोरं गप्प बसतात तेवढा वेळ. फक्त स्टेशन गावाबाहेर कुवारबावला आहे, रिक्षा करावी लागते

बी-३०२: तिकिटं कधीच संपली दादा. गाडीनेच

ए-४०५: मग माणगावला ट्रॅफिकमध्ये अडकायची तयारी ठेवा. डबा घेऊन निघा 🙏

बी-६०४: गावातलं सांगते. थिबा पॅलेस बघाच. ब्रह्मदेशाचा राजा, १८८५ ला इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला इथे आणून ठेवलं, वाडा बांधून झाला १९१० ला आणि तो गेला १९१६ ला, म्हणजे इतकी वर्षं वाट बघून वाडा मिळाला आणि राहिला किती तर सहा वर्षं. आम्ही शाळेत असताना तिथे नुसते भोवरे फिरवायचो, हे सगळं नंतर कळलं. तिथून थिबा पॉइंटला सूर्यास्त, खाली भाट्याची खाडी. टिळक आळीत टिळकांचं जन्मघर आहे. पतितपावन मंदिर आहे, १९३१ चं, भागोजीशेठ कीरांनी बांधून दिलेलं, सावरकर तेव्हा रत्नागिरीतच स्थानबद्ध होते. रत्नदुर्गावर गाडी बरीच वर जाते, बाबांना थोड्या पायऱ्या पडतील पण तीन बाजूंनी समुद्र आहे

ए-१०१: आणि हापूस कुठला घ्यावा? ओरिजिनल

बी-६०४: डिसेंबरात?? भाऊ डिसेंबरात मोहोर बघायला मिळेल, तोच आणा फोटोत. पेटी कोणी देऊ केली तर पळा तिथून. आंबापोळी, फणसपोळी आणि कोकमाचं आगळ (घट्ट रस) घ्या

बी-३०२ आजोबा: मी सुनेच्या मागे लागून हे टाईप करत आहे मला देवळं नकोत आणि वाडाही नको ७२ साली नोकरीच्या कामाला तिथे आठ महिने होतो तेव्हा संध्याकाळी मिरकरवाड्याला जाऊन बोटी लागल्यावर मासळीचा लिलाव बघत बसायचो काय बोली लावायच्या बायका एक शब्द कळायचा नाही आणि सौदा होऊन पाटी उचलली जायची मला तेवढंच दाखवा बाकी तुम्ही कुठेही फिरा मी गाडीत बसतो

बी-६०४: आजोबा 🙏 अजून तसंच आहे, फक्त पँटचे पाय वर दुमडून घ्या आणि चप्पल जुनी घाला, चिखल बर्फ खवले सगळं एकत्र

बी-३०२: बाबांनी हे आम्हाला घरात कधी सांगितलंच नव्हतं!! दक्षिणेला काय काय आहे काकू?

बी-६०४: पावसला स्वरूपानंदांचा मठ, तिथून जवळच गणेशगुळे, आमच्याकडे म्हणतात गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला, त्यामुळे गुळ्याला गर्दी नाही आणि देऊळ निवांत. मग पूर्णगड, छोटासा किल्ला, मुचकुंदी नदीच्या मुखावर. आणि दम असेल तर कशेळी, कनकादित्याचं देऊळ आणि सड्यावर (म्हणजे उघड्या पठारावर) कातळात कोरलेला भलामोठा हत्ती, त्याच्या पोटात बाकी प्राणी. ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत पण सड्यावर सावलीचं नाव नाही, टोप्या आणि पाणी घ्या, उन्हं कलली की रेषा नीट दिसतात, दुपारी १२ ला गेलात तर नुसता दगड

ए-१०१: ठीक आहे पण खिडकीतून समुद्र तो समुद्रच

बी-३०२: मांडवीजवळ रूम मिळाली, बुक केली. पोचलो की पहिल्याच संध्याकाळी मिरकरवाडा. सोमवारी पॅलेस बंद असेल असं धरून तो दिवस पावस-कशेळीला ठेवलाय

बी-६०४: उत्तम. येताना आगळाच्या दोन बाटल्या माझ्या. आणि सुरमईच्या मागे लागू नका, तिसऱ्या (शिंपल्या) खा

सेक्रेटरी: माझी एक बाटली.