टोस्टिंग, डीजे, डॉल्बी: एक अडलेलं वाक्य

मधलीओळ:
एका मासिकासाठी जमैकाच्या संगीतावरचा लेख इंग्रजीतून मराठीत करते आहे. बाकी सगळा झाला, एका वाक्यापाशी चार दिवस बसले आहे. आशय असा: किंग्स्टनमध्ये १९५०च्या दशकात साउंड सिस्टिमवर सिलेक्टर तबकडी लावायचा आणि डीजे तिच्यावर टोस्टिंग करायचा, ते ऐकत वाढलेला क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क (पुढे हिप हॉपचा जनक मानला गेलेला) १९६७ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये राहायला गेला.

आता अडचणी. टोस्टिंग म्हणजे चालू रेकॉर्डवर माइकमधून लयीत बोलणं. मध्येच यमक, मध्येच आरोळी, कोण आलंय त्याचं नाव घेणं, नाचणाऱ्यांना चढवणं. गाणं नव्हे आणि निवेदनही नव्हे. शिवाय इथे डीजे म्हणजे बोलणारा. तबकडी लावतो तो सिलेक्टर. आणि साउंड सिस्टिम म्हणजे नुसते भोंगे नाहीत. मालक, त्याची पोरं, ट्रक, रेकॉर्डी, नाव, इभ्रत असं सगळं मिळून ती होते.

नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, टोस्टिंगला 'शेकणे' लिही. म्हणून इथे आले.

अनुस्वार:
मूळ शब्द तसाच ठेवण्याचा आळस करू नये, एवढं आधी सांगतो. 'ललकारी' हा शब्द तयार आहे. तो फार वीररसाचा वाटला तर 'तालोक्ती' चालवावा. ताल अधिक उक्ती. अर्थ उघड, उच्चार सोपा.

खडीसाखर:
तालोक्ती जेवणाआधी की नंतर घ्यायची? कोमट पाण्याबरोबर ना?

अनुस्वार:
थट्टा सोपी असते. 'दिनांक' आणि 'महापौर' हेही कुणीतरी घडवलेलेच शब्द आहेत. ते वापरताना आज आपल्याला हसू येत नाही.

कणकवलीकर:
ताई, साउंड सिस्टिमची इभ्रत म्हणालात आणि मला आमची डबलबारी दिसली. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर, रात्रभर. एकाने गजरातून टोला हाणला की दुसरा आपल्या बारीत व्याजासकट परत करणार. किंग्स्टनलाही दोन सिस्टिमींची अशीच जुंपायची ना, ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉडची? त्या 'क्लॅश'ला डोळे मिटून डबलबारी लिहा. टोस्टिंगचं मात्र ठाऊक नाही.

जाता जाता: डॉडचं 'कॉक्सन' हे नाव यॉर्कशायरच्या अ‍ॅलेक कॉक्सन या क्रिकेटपटूवरून पडलेलं. पोरगा शाळेत क्रिकेट बरा खेळायचा म्हणून. आमच्या वाडीत एक 'सोलकर' आहे, वय वर्षं साठ, अजून त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही.

मधलीओळ:
डबलबारी घेतली! लेखात पुढे क्लॅश आहेच. पण टोस्टिंग?

तांबडापांढरा:
कुस्तीच्या मैदानात या, टोस्टिंग दाखवतो. हलगी कडाडत असते आणि माइकवरचा निवेदक एका दमात पैलवानाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, मागच्या साली कुणाला चितपट केलं ते सगळं यमकात बसवून सांगत असतो. मध्येच समोर बसलेल्या पाहुण्याचं नाव. मध्येच बक्षीस लावणाऱ्याचं. हलगीचा ठेका चढला की ह्याचा आवाज चढणार. लिखित काही नाही, सगळं तोंडपाठ आणि आयत्या वेळचं. पण तुम्ही म्हणता निवेदन नव्हे. आमच्याकडे ह्यालाच निवेदन म्हणतात, काय करायचं?

घाटकरी:
बैलगाड्यांच्या घाटात पण तेच. तो जो 'झाली... भिर्रर्रर्र' म्हणतो ना, त्याच्यासाठी लोक येतात निम्मे.

पाटीपेन्सिल:
मला वाटतं शब्द आपल्या दारात उभा आहे: दवंडी. यू-रॉय हा टोस्टिंगला रेकॉर्डवर खऱ्या अर्थाने प्रतिष्ठा देणारा माणूस. १९७० साली ड्यूक रीडने त्याला आपल्या जुन्या रॉकस्टेडी (रेगेच्या आधीचा संगीतप्रकार) गाण्यांवर बोलायला लावलं, आणि त्या रेकॉर्डी जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वरच्या तिन्ही जागा धरून बसल्या. त्यातल्या पहिलीचं नावच 'वेक द टाउन'. गाव जागं करा! ही दवंडी नाही तर काय?

खडीसाखर:
दवंडी सरकारची असते. 'ऐका हो ऐका' म्हणून पाणीपट्टी भरायला सांगतात. यू-रॉय कुणाच्या वतीने ओरडत नव्हता. तो आधीच्या गायकाच्या ओळींच्या मधल्या फटीत शिरून त्याला उत्तरं देत होता. गायक म्हणतो, माझं तिच्याशी भेटायचं ठरलंय. हा मधून म्हणतो, सांग बाबा सांग. हे काम तमाशात सोंगाड्याचं. बतावणी म्हणा.

अनुस्वार:
बतावणीला ताल नसतो.

खडीसाखर:
तुम्ही बतावणी कुठे पाहिलीत? दूरदर्शनवर?

अनुस्वार:
नारायणगावला, १९७८ साली, तंबूत, पुढून तिसऱ्या रांगेत. आणि ढोलकीवाला बतावणीत हात मांडीवर ठेवून बसलेला होता. अधूनमधून एखादी थाप देई, ती विनोदाला दाद म्हणून.

जर्सीकाका:
शब्दाआधी वाक्यच तपासा. ब्राँक्समधल्या १५२० सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ला हर्कच्या बहिणीने, सिंडीने, शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. हिप हॉपचा वाढदिवस म्हणून तीच तारीख धरतात. पण हर्कने एका मुलाखतीत स्वतःच सांगून ठेवलंय की जमैकन टोस्टिंगचा इथे काही संबंध नाही, ब्राँक्सच्या पोरांपुढे रेगे चालतच नव्हता, रॅपची प्रेरणा म्हणजे जेम्स ब्राउन आणि 'हसलर्स कन्व्हेन्शन' ही रेकॉर्ड. तेव्हा 'टोस्टिंग ब्राँक्सला गेलं' असं सरळसोट लिहू नका.

मधलीओळ:
काका, मूळ लेखात तसं आहे हो, मी फक्त भाषांतर करते. पण हर्कच दुसरीकडे लहानपणी किंग्स्टनला सिस्टिम लागताना बघायला जायचो, असंही सांगतो ना?

जर्सीकाका:
सांगतो. म्हणून तर म्हणतो, नेलं काय ते नीट बघा. त्याने टोस्टिंगपेक्षा मांडणी नेली. शेजाऱ्यापेक्षा मोठा आवाज, त्या आवाजाला नाव (त्याच्या स्पीकरांना तो हर्क्युलॉर्ड्स म्हणायचा), आणि माइकवर एक माणूस. कोक ला रॉक हा त्याचा दोस्त माइकवरून आल्या-गेल्यांची नावं घ्यायचा. रेकॉर्डी मात्र फंकच्या. नाचणारी पोरं गाण्याच्या कुठल्या तुकड्याची वाट बघतात हे त्याने हेरलं: जिथे बाकी सगळे थांबतात आणि नुसता ड्रम वाजतो तो. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तोच तुकडा आलटूनपालटून लांबवायचा. ह्या तुकड्याला 'ब्रेक' म्हणतात. त्यालाही शब्द शोधा आता.

घाटकरी:
ब्रेक म्हणजे आमच्याकडे गाडी थांबते. तिकडे नाच सुरू होतो. उलटंच सगळं.

त्रिस्थळी:
टोस्ट ह्या शब्दाला दोन वाटा आहेत, त्यांची गल्लत होते. अमेरिकेतल्या काळ्या लोकांत 'टोस्ट' म्हणजे लांबलचक यमकबद्ध कथाकाव्य. तुरुंगात, नाक्यावर, न्हाव्याच्या दुकानात पुरुष एकमेकांना ऐकवायचे. माकड सिंहाला कसं बनवतं त्याची गोष्ट वगैरे. 'हसलर्स कन्व्हेन्शन' त्या घराण्यातली. जमैकात टोस्टिंग आलं ते अमेरिकन रेडिओमुळे. मायामी, न्यू ऑर्लिन्सची स्टेशनं बेटावर पकडता यायची आणि तिथले निवेदक गाण्याच्या तोंडावर यमकं जुळवत बोलायचे. ते ऐकून काउंट मॅचुकीने सिस्टिमवर तसं बोलायला सुरुवात केली. म्हणजे काळ्या अमेरिकेची बोली जमैकाला गेली, तिथे वाढली आणि कदाचित हर्कच्या खिशातून परत आली. हर्क खोटं बोलत नाही आणि ताईंचा लेखही सपशेल चूक नाही.

आणि नवरोबांना सांगा, 'शेकणे' बरोबर आहे! दारूच्या पेल्यात मसाला लावलेला भाजका पाव बुडवायची जुनी इंग्रजी पद्धत, त्यावरून पेला उंचावणं ते टोस्ट. लॅटिनमध्ये मूळ धातू 'सुकवणे, भाजणे' असा. त्याचाच संस्कृत भाऊबंद 'तृष्', त्यावरून तृष्णा, प्राकृतात तण्हा, आणि आपली तहान. टोस्ट आणि तहान एका घरातले.

खडीसाखर:
हे तुम्ही आत्ता बनवलंत.

त्रिस्थळी:
कुठलाही व्युत्पत्तिकोश उघडा. इंग्रजीतली 'थर्स्ट' पण त्यांचीच बहीण.

डफलीवाला:
मग 'डब' म्हणजे आपला डफच असणार. गिरमिटिया मजूर १८४५ पासून जमैकात आहेत. डफ नेला असेल, डफचा डब झाला.

त्रिस्थळी:
नाही हो. डब म्हणजे सिनेमातलं डबिंग, तेच. 'डबल'चं तोडकं रूप. किंग टबी हा मुळात रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. गाण्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या करून गळा काढून टाकायचा, ढोल-बास पुढे आणायचा, त्यात प्रतिध्वनी सोडायचा. ह्या उघड्या पडलेल्या जागेतच टोस्टिंगला पाय पसरायला मिळाले. यू-रॉय टबीच्याच सिस्टिमवर बोलायचा.

डफलीवाला:
पण डफ गेला असेलच ना? गांजा गेला तर डफ का नाही?

पाटीपेन्सिल:
गांजावरून बरं आठवलं. जमैकात त्याला गांजाच म्हणतात. त्रिनिदादला तिथल्या भोजपुरी वंशाच्या लोकांचं नाचगाण्याचं संगीत आहे, त्याचं नाव 'चटणी'. इंग्रजी बोलणाऱ्या बेटांनी आपले शब्द न सोलता गिळले. मग आपणच टोस्टिंगवर मुंज लावून त्याला तालोक्ती का करायचं?

अनुस्वार:
कारण चटणी म्हटल्यावर त्रिनिदादच्या पोराला जिभेवर काहीतरी लागतं. टोस्टिंग म्हटल्यावर साताऱ्याच्या वाचकाला ब्रेड दिसतो. परका शब्द घ्यायला माझी ना नाही, पण तो आधीच दुसऱ्या अर्थाने घरात बसलेला असेल तर?

मधलीओळ:
अनुस्वारकाका, हे पटलं. आणि डीजेचं नेमकं तेच झालंय.

तांबडापांढरा:
डीजे शब्द पुण्याकडचा. आमच्यात 'डॉल्बी' म्हणतात. डॉल्बी लावला, डॉल्बीला बंदी, डॉल्बीमुक्त गणेशोत्सव.

खडीसाखर:
आणि डॉल्बी हे मुळात टेपमधली खरखर घालवायच्या यंत्रणेचं नाव! आवाज कमी करणाऱ्याचं नाव भिंत हादरवणाऱ्याला.

तांबडापांढरा:
आम्हाला काय माहीत. थिएटरात पाटी होती, आवाज मोठा होता, नाव पडलं.

त्रिस्थळी:
डीजेचा प्रवास बघा ना. अमेरिकन रेडिओवर डिस्क जॉकी तबकडी लावायचा आणि बोलायचाही. जमैकात त्या कामाची वाटणी झाली तेव्हा नाव बोलणाऱ्याकडे गेलं, लावणारा सिलेक्टर झाला. ब्राँक्समध्ये नाव लावणाऱ्याकडे राहिलं, बोलणारा एमसी झाला. महाराष्ट्रात दोघेही गेले आणि नाव ट्रॅक्टरवरच्या खोक्यांकडे आलं. 'डीजे फुटला' असं वाक्य जगात आणखी कुठे लिहिता येईल?

कणकवलीकर:
आमच्याकडे 'बेंजो' तसाच. वाद्याचं नाव, पण बेंजो सांगितला म्हणजे दहा-बारा पोरं, ढोल, ताशा, कीबोर्ड, टेम्पो सगळं आलं. साउंड सिस्टिमची अडचण ताईंची आपोआप सुटली. बेंजो लिहा.

जर्सीकाका:
किंग्स्टनमध्ये बेंजो? संपादक फोन करतील.

भीमथडी:
एवढं रामायण झालं, 'रिडिम' कुणी काढलाच नाही. जमैकात एकच साज घेऊन त्यावर पन्नास जण पन्नास गाणी करतात. १९८५चा 'स्लेंग टेंग' हा रिडिम कॅसिओच्या एका छोट्या कीबोर्डात आधीपासून भरलेल्या ठेक्यावरचा, त्यावर पुढे शेकड्यांनी गाणी झाली. लोक त्याला चोरी म्हणतात. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला गाणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत गाण्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं: 'चाल: अमुक'. सिनेमाची चाल, शब्द बाबासाहेबांचे. कुणी चोरी म्हणालं नाही. रिडिमला 'चाल' म्हणा.

अनुस्वार:
चालीत सुरावट येते. रिडिममध्ये सुरावट प्रत्येकाची वेगळी, खाली बास आणि ठेका तोच. 'बैठक' म्हणता येईल.

भीमथडी:
बैठक म्हटलं की आमच्याकडे सतरंजी शोधतात. चाल बरी.

मधलीओळ:
लेख काल रात्री पाठवला. क्लॅशला डबलबारी, रिडिमला चाल. टोस्टिंग तसंच ठेवलं, पहिल्यांदा येतं तिथे 'चालू रेकॉर्डवर हलगीवरच्या निवेदकासारखं यमकात बोलणं' असं लिहिलं. नवऱ्याला तहानेचं सांगितलं, तेव्हापासून घरात त्याचा रुबाब वाढलाय.

संपादकांचं उत्तर आज आलं. टोस्टिंगबद्दल अवाक्षर नाही. एकच शंका विचारली आहे: 'पान चारवर डीजे आजारी पडला असं आहे. बिघडला असं हवं का?'

तांबडापांढरा:
आमच्याकडं तो बसतो. 'डॉल्बी बसला' लिहा.

डफलीवाला:
डफाचं मात्र कुणी उत्तर दिलं नाही.