यमक की तुक?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, शाळा हिंदी माध्यमाची. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. हिंदीच्या पेपरात दोह्याच्या शेवटच्या जुळणीला तिनं 'यमक' लिहिलं आणि गुण गेले. घरी आम्ही यमकच म्हणतो. मग चुकलं कुठं?

उत्तर : ताई, चूक तिची नाही, घरचीही नाही. शब्द एकच, पण हिंदीत ओळीअखेरच्या जुळणीला तुक म्हणतात. तिथं यमक म्हणजे तोच शब्द पुन्हा येणं आणि अर्थ पालटणं. हिंदी कवी बिहारी यांच्या दोह्यात 'कनक' एकदा सोनं असतं, एकदा धोतरा. मराठीत बोलताना आपण अंत्ययमकालाच यमक म्हणतो. 'यम' म्हणजे जुळं. जुळ्याची कल्पना दोन्हीकडे आहेच.

तिला ही जुनी आर्या (मात्रा मोजून रचलेलं दोन ओळींचं पद्य) द्या :

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची ।
ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची ॥

इथं 'तुकयाची–पंताची' हे मराठीत यमक. हिंदीच्या मापानं फक्त तुक, कारण अर्थ पालटून आलेला शब्द एकही नाही. मला तर हे यमक जरा बारीकच वाटतं, जुळतं ते 'आची' एवढंच. आर्येतले मयूरपंत म्हणजे कवी मोरोपंत (१७२९–१७९४). ते शेवटची दोन-दोन, तीन-तीन अक्षरं जुळवत, कधी तीच अक्षरं वेगळी तोडून निराळा अर्थ काढत. यमकाचे दोन्ही अर्थ त्यांच्याकडे एकत्र भेटतात. त्यांच्या गौरवाच्या आर्येत तेवढा थाट हवा होता.

प्रश्न : तिनं त्या आर्येच्या चारही चरणांच्या (ओळीत दोन) मात्रा मोजल्या. दोह्याच्या १३-११ची सवय आहे, त्यामुळे भराभर जमलं. १८, १२, १८ बरोबर आले, पण पहिला चरण १२ऐवजी ११च भरतो. शिवाय आर्येचा चौथा चरण १५ मात्रांचा ना?

उत्तर : 'सु' तिनं लघु, म्हणजे एका मात्रेचा, धरला असणार. पुढं 'श्लो' हे जोडाक्षर आहे, त्याचा आघात मागच्या 'सु'वर येतो आणि तो गुरू, म्हणजे दोन मात्रांचा, होतो. सु २, श्लो २, क १, वा २, म १, ना २, चा २ : झाल्या १२. 'वाणी प्रसिद्ध'मध्ये हाच नियम लागला तरी फरक पडत नाही, 'णी' मुळातच गुरू आहे.

चौथ्या चरणाचं तुमचं बरोबर. संस्कृत आर्येत तिथं १५च असतात. १२-१८-१२-१८ ही खरी गीती, म्हणजे वेगळं वृत्त, पण मोरोपंतांनी ती इतकी लिहिली की मराठीत तिलाच आर्या म्हणू लागले.