1900 मीटरवरच्या तलावात डाइव्ह: कॉम्प्युटर न डुबताच बार दाखवतोय?

पाणकोंबडा: शनिवारी 1900 मीटर उंचीवरच्या तलावात दोन डाइव्ह आहेत, आत्तापर्यंत माझं सगळं समुद्रातच झालंय. काल नुसती जागा बघायला गेलो, गाडीतून उतरून मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर चालू केला तर पाण्यात पाय पण न घालता अंगातला नायट्रोजन दाखवणारा बार दोन घरं भरलेला! बिघडलाय का? आणि सेटिंग बदलावं लागतं की त्याचं त्याला कळतं?

बुडबुडे: बिघडला नाहीये, उलट नीट चाललाय. समुद्रसपाटीला अंगात जेवढा नायट्रोजन मुरलेला असतो तेवढा घेऊनच तू वर गेलास, आणि वर हवेचा दाब कमी, म्हणजे तिथल्या हिशोबानं तो जास्तीचा झाला ना. थांबलं की निघून जातो. पाडी (डाइव्हिंग शिकवणारी संस्था) 6 तास थांबा म्हणते, अमेरिकन नेव्ही 12. मी आदल्या रात्रीच मुक्कामाला जातो, सकाळी घाट चढून तासाभरात उडी मारणं मला नाही पटत.

तळगाळ: सेटिंगचं मॉडेलवर आहे. काही स्वतः दाब मोजतात, सुंटो कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत उंचीची रेंज हातानं टाकावी लागते (300 मीटरपर्यंत, 300-1500, 1500-3000), तुला शेवटची. गोडं पाणी पण सेट कर. पण खरी गोची वेगळीच आहे, कॉम्प्युटर काठावरच हातानं चालू कर, पाण्यात गेल्यावर होईल आपोआप असं म्हणून सोडू नकोस. माझा एकदा पाण्यातच चालू झाला आणि त्यानं हवेचा दाब समुद्रसपाटीचाच धरला, नो-डेको मिनिटं (वर येताना मध्ये न थांबता खाली किती वेळ राहता येईल ती) भरपूर दाखवतोय म्हणून मी खूश, बडीच्या (जोडीदार डाइव्हरच्या) मनगटाकडे बघितलं तेव्हा ट्यूब पेटली, त्याची माझ्यापेक्षा कितीतरी कमी. सरळ वर आलो.

पाणकोंबडा: बापरे. म्हणजे फरक केवढा पडतो?

तळगाळ: 1900 ला हवेचा दाब साधारण 805 मिलीबार, समुद्राला 1013. तिथली 18 मीटर खोली हिशोबाला 22 च्या आसपास जाते, गोडं पाणी धरून. पाडीच्या मेट्रिक टेबलात 18 ला नो-डेको 56 मिनिटं आहेत आणि 22 ला 37, आता तूच बघ. वर येताना मिनिटाला 9 मीटरच्या पुढे नको.

बुडबुडे: आणि परतीचा रस्ता बघितलास का? मध्ये तलावापेक्षा उंच खिंड असेल तर डाइव्हनंतर ती चढणं म्हणजे विमानात बसल्यासारखंच. दोन डाइव्ह केल्यावर विमानासाठी डॅन (डाइव्हरांच्या सुरक्षेची संस्था) किमान 18 तास थांबायला सांगते. हे लोक विसरतात, कारण गाडीत बसलं की डाइव्ह संपली असं वाटतं.

पाणकोंबडा: आहे खिंड, 2500 ची 😐 मग शुक्रवारी रात्रीच पोचतो आणि रविवारी दुपारनंतर निघतो. मॅन्युअल उघडलं आत्ता, माझा हातानं सेट करायचाच निघाला.