ब्रेक्झिटने खिशाला चाट बसली, म्हणून मत चुकलं का?

स्लावकर

ब्रिटनने युरोपीय संघात राहावं ('रिमेन') की बाहेर पडावं ('लीव्ह'), या २३ जून २०१६च्या सार्वमतात मी 'लीव्ह'वर फुली मारली. तीही भारतीय पासपोर्टवर. पुष्कळांना हे अजून ठाऊक नसतं की राष्ट्रकुलातल्या देशांच्या इथे राहणाऱ्या नागरिकांना त्या सार्वमतात मत होतं. मला इथे येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. दिवसभर पाऊस. शाळेच्या हॉलमध्ये लाकडी फळ्यांचे आडोसे, दोरीने बांधलेली शिसपेन्सिल. बोटाला शाई नाही, ओळखपत्र कोणी विचारलं नाही. आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला याच्या दसपट बंदोबस्त असतो.

जून उजाडला की कोणीतरी विचारतंच, "पस्तावलास की नाही?" यंदा जेवणाच्या टेबलावर चौघांनी मिळून विचारलं. तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी मान्य करायचं ते करून टाकतो. नुकसान झालं. सरकारी जमाखर्चावर नजर ठेवणारी ओबीआर ही इथली स्वायत्त संस्था धरून चालते की, संघात राहिलो असतो त्या मानाने देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी कमी राहील. 'लीव्ह'च्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेले, संघाला जाणारे आठवड्याचे ३५ कोटी पौंड ही तर शुद्ध थाप. थॅचरबाईंनी १९८४ साली भांडून मिळवलेली संघाच्या वर्गणीतली सूट त्यातून वजाच केली नव्हती. निकालाच्या रात्री शंभर रुपयांच्या घरातला पौंड नव्वदीच्या सुरुवातीला घसरला. माझ्या पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता पौंडांतून जायचा, त्यामुळे पहिली चाट मलाच बसली.

तरीही मत चुकलं असं वाटत नाही. २००४ला पोलंडसह दहा देश संघात आले आणि ब्रिटनने लगेच दार उघडलं. माझ्या शेजारचा प्लंबर त्यातलाच. देवमाणूस. रेडिएटरमधली हवा कशी काढायची हे त्यानेच शिकवलं. पण तो बायकोला घेऊन नुसता विमानात बसला आणि आला. मला बायको आणायची तर २०१२च्या नियमाने वर्षाला १८,६०० पौंड पगार दाखवायचा, सहा महिन्यांच्या स्लिपा जोडायच्या. ती नाशकात, मी इथे. उद्या त्या प्लंबरने नाशिकची मुलगी केली असती तर ती सुळकन आली असती, माझी बायको मात्र रांगेत. हा कुठला न्याय?

आणि हापूस विसरलात का? १ मे २०१४पासून युरोपने भारतीय आंब्यावर बंदी घातली. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूसुद्धा. युरोपातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ब्रिटन, पण निर्णय ब्रसेल्सचा, म्हणजे संघाचा.

भाऊबंदकीत वाटणी झाली की दोघांचंही उत्पन्न घटतं, हे वाटणी मागणाऱ्यालाही कळतं. तरी तो मागतो. नुसत्या उत्पन्नावर त्याला वेडा ठरवू नका, एवढंच म्हणणं आहे. २४ जुलै २०२५ला भारत-ब्रिटन व्यापार कराराच्या सह्या झाल्या, त्या वेगळी चूल मांडली म्हणूनच ना?

आकडेबाज

स्लावकर, तुमचा हापूसचा आंबा आतून किडका निघालाय. २०१३मध्ये भारतातून आलेल्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. बंदीची बाजू ब्रिटनच्या शेतीखात्यानेच घेतली होती, कारण इथल्या काचघरांतल्या टोमॅटो-काकड्यांना धोका होता. तेव्हा लंडनच्या हातात असतं तर लंडनने बंदी घातली नसती, हे कशावरून? भारतात तपासणी सुधारली आणि २०१५च्या सुरुवातीला आंबा मोकळाही झाला.

आता बायकोचं. १८,६००चा नियम ब्रसेल्सने केला होता का? तो केला तेव्हा गृहमंत्री थेरेसा मे होत्या. संघातून बाहेर पडल्यावर, एप्रिल २०२४पासून ती अट २९,००० झाली. व्हिसासोबत भरायचा आरोग्याचा अधिभार २०१५ला वर्षाला २०० पौंड होता, आज १,०३५ आहे. पोलिश शेजाऱ्याला ओढून तुम्ही तुमच्या रांगेत उभं केलंत. तुमची रांग एक पाऊलही पुढे सरकली नाही.

आणि तो करार. ब्रिटिश सरकारचाच अंदाज आहे की त्यातून दीर्घकाळात जीडीपीत सुमारे ०.१३ टक्के भर पडेल. ४ गेले, ०.१३ आले. वाटणी मागणारा वेडा नसेलही, पण तलाठ्याकडे जाण्याआधी बेरीज-वजाबाकी तरी करतो.

बर्मिंगहॅमचा बाजीराव

झालं, आले ओबीआरची पोथी घेऊन! 'राहिलो असतो तर काय झालं असतं' हे कोणी पाहिलंय? मे २०१६मध्ये याच देशाचं अर्थखातं सांगत होतं की नुसतं 'लीव्ह' म्हटलं तरी लगेच मंदी येईल आणि पाच लाख नोकऱ्या जातील. कुठे गेल्या? उलट रोजगार वाढला. त्यानंतर करोना आला, युक्रेनचं युद्ध आलं, २०२२च्या सप्टेंबरात तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रसबाईंचं ते अर्थसंकल्पाचं नाटक झालं. या सगळ्यातून ब्रेक्झिटचा वाटा चिमट्याने वेगळा काढून दाखवा मला. जर्मनी तर संघातच आहे. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं त्यांची अर्थव्यवस्था आकसली. त्यांनी कोणाला घटस्फोट दिला होता?

ताजं उदाहरण घ्या. २०२५मध्ये ट्रम्पने आयातशुल्क लावलं. ब्रिटनला १० टक्के, युरोपीय संघाला १५. बाहेर होतो म्हणून वेगळं बोलता आलं.

इथे काहीही बिघडलं की ब्रेक्झिट! पोर्ट टॅलबॉटमधल्या टाटांच्या झोतभट्ट्या २०२४ला थंड झाल्या, तर ब्रेक्झिट. तो तोटा कितीतरी जुना, चिनी पोलाद आणि विजेचे दर विचारा. टाटांच्याच जग्वार लँड रोव्हरने स्लोव्हाकियात नित्राला कारखाना टाकला तर म्हणे ब्रेक्झिटमुळे. अहो, तो २०१५ला ठरला, सार्वमताच्या आधी.

आकडेबाज

बाजीराव, नित्रा तुम्हीच काढलंत ते बरं झालं. डिफेंडर गाडी तिथे बनते. म्हणजे अमेरिकेला जाताना तिला संघाचेच १५ टक्के लागले. कारखाना असा नकाशा बघून अर्धा इकडे अर्धा तिकडे होत नाही. बाकी २०१६चं भाकीत चुकलं हे मान्य. पोर्ट टॅलबॉटचंही मान्य.

द्राक्षबाग निफाड

मी ब्रेक्झिटमधला जाणकार नाही. बाग आहे, सहा एकर, एक्स्पोर्टचा माल काढतो. हापूसवाल्यांचं रडगाणं ऐकून लिहावंसं वाटलं.

२०१०ला आमच्यावर काय गुदरलं ते द्राक्षवाल्यांना विचारा. आम्ही वेलीची वाढ रोखायला जे क्लोरमेक्वाट मारतो त्याचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि कंटेनरच्या कंटेनर तिकडे अडकले. त्या वर्षी आमच्या शिवारात कोणाच्या घरात लग्न झालं नाही. तेव्हा आम्हीही युरोपच्या नावाने बोटं मोडली. पण नंतर काय झालं? फवारणीची वही, प्लॉटची नोंदणी, माल तोडायच्या आधीचा लॅबचा रिपोर्ट हे आधीपासून होतंच, ते आणखी कडक झालं. त्रास झाला, पण एकदा पास झालं की रॉटरडॅमला उतरलेली पेटी लंडनपर्यंत त्याच कागदावर जायची. यादी एक, मर्यादा एक.

आता ब्रिटनची रेसिड्यूची यादी वेगळी. आकडे बरेचसे सारखेच आहेत म्हणतात, पण सारखे राहतील असं कोणी लिहून देत नाही. निर्यातदार बागेत पाय ठेवायच्या आधी विचारतो, माल युरोपचा का यूकेचा? मार्चमध्ये रॉटरडॅमचा भाव पडला म्हणून पेट्या इंग्लंडला वळवायच्या तर पुन्हा कागद. द्राक्ष कागदासाठी थांबत नाही हो, देठ सुकतो.

वेगळी चूल तुम्ही मांडली, स्लावकर. दोन चुलींना लाकूड आम्ही पुरवतोय.

मांडवीपार

मी मूळ गोव्यातल्या बार्देशचा, २०११पासून स्विंडनला. स्लावकरांचं पहिलं वाक्य वाचून दोन दिवस गप्प बसलो होतो.

गोव्यात १९ डिसेंबर १९६१च्या आधी जन्मलेल्यांना, त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. माझे वडील एकसष्टच्या आधीचे. वकिलाला पैसे चारून लिस्बनला जन्मनोंद केली, भारतीय पासपोर्ट परत दिला आणि थेट इंग्लंड गाठलं. लिस्बन मी आजवर पाहिलेलं नाही. आमच्यातले बहुतेक असेच. पोर्तुगीज भाषेतले चार शब्द येतात, तेही आजीचे. गोदामात रात्रपाळी, एका घरात नऊ माणसं, रविवारी चर्चमध्ये मास आणि नंतर डुकराच्या मटणाचं सोरपोतेल. तुमच्या त्या पोलिश प्लंबरच्या रांगेतला मी. फरक एवढाच की दिसायला तुमच्यासारखा.

सार्वमत आलं. तुम्हाला भारतीय पासपोर्टवर मत होतं, मला पोर्तुगीज पासपोर्टवर नव्हतं. मी भारतीयच राहिलो असतो आणि कसाबसा व्हिसा मिळवून इथे असतो, तर मलाही मिळालं असतं. स्विंडनने ५४.७ टक्क्यांनी 'लीव्ह' दिलं. शेजारची म्हातारी दुसऱ्या दिवशी केक घेऊन आली आणि म्हणाली, तुझ्यासाठी नाही हं, त्या बाकीच्यांसाठी. बाकीचे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

मग राहण्याच्या हक्काचा अर्ज. मुदत ३० जून २०२१. मोबाइलवर पासपोर्ट ठेवून आतली चिप वाचायची. सुरुवातीला ते अ‍ॅप आयफोनवर चालायचंच नाही, म्हणून भावाचा फोन मागून आणला. तीनदा फसलं, चौथ्यांदा पासपोर्ट ओट्यावर ठेवून केलं तेव्हा झालं. मंजुरीचा ईमेल आला. हातात कार्ड नाही, शिक्का नाही, फक्त ईमेल. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कागद ना? मागीर कितें मेळ्ळें तुका?" म्हणजे, कागदच नाही, मग तुला मिळालं काय?

मुदत संपल्यावर महिनाभरातच, जुलै २०२१ला, आमच्या गावातला होंडाचा कारखाना बंद झाला. होंडाने कारण ब्रेक्झिट सांगितलं नाही, जागतिक बदल सांगितले. मीही ब्रेक्झिट म्हणत नाही. पण गोदामाच्या कँटीनमध्ये कोणाला ते पटलं नाही, 'लीव्ह' दिलेल्यांनाही.

माझ्या भाच्याने पोर्तुगीज पासपोर्ट माझ्याच पावलावर पाऊल ठेवून काढला. हातात आला २०२१च्या शेवटी. भारतीयत्व सोडून बसला आणि इंग्लंड त्याला बंद. आता लिस्बनला एका किराणा दुकानात आहे. घराण्यात पोर्तुगाल पाहिलेला पहिला माणूस.

स्लावकर, न्याय मागितलात त्याला माझी हरकत नाही. पण तुमच्या गोष्टीत एका बाजूला गोरा युरोपीय आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही, असे दोघेच आहेत.

लेस्टरची मावशी

तुमचं मोठं मोठं चालू दे. माझी मुलगी हॉलंडमध्ये आइंडहोव्हनला असते. २०२०पर्यंत फराळाचा डबा पोस्टात टाकला की चौथ्या दिवशी फोन यायचा, "आई, चकली मोडली नाही." आता सीएन २२चा फॉर्म. वस्तूचं वर्णन, वजन, किंमत आणि कस्टमचा कोड. चकलीला कोड काय लिहायचा? काउंटरवरचा मुलगा म्हणाला बिस्किट लिहा. बिस्किट लिहिलं. दुधातुपाचं काही घालू नका म्हणाला, म्हणजे बेसनाचे लाडू, करंज्या सगळं मागे. जानेवारी २०२१ला हॉलंडच्या बंदरावर ट्रकवाल्यांची हॅमची सँडविचं काढून घेत होते, टीव्हीवर पाहिलं होतं. तेव्हा मी हसले होते.

लेस्टर काठावर 'रिमेन' होतं. आमच्या घरात यजमान 'लीव्ह' आणि मी 'रिमेन', म्हणजे दोघांची मतं वाया.

व्हिसा वेटिंग

मावशी, लाडू गेले पण मुलं आली ना. शिक्षणानंतर दोन वर्षं नोकरी शोधायची सवलत २०२१ला परत मिळाली, त्यावर आम्ही कितीतरी मराठी पोरं इथे आहोत. युरोपीयांचा लोंढा थांबला म्हणूनच आम्हाला जागा झाली.

आकडेबाज

ती सवलत २०१२ला इथल्याच सरकारने काढली होती. संघात असताना होती, संघात असतानाच गेली. ब्रसेल्सचा संबंध नाही. आणि जून २०२३ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांवर गेलं, त्यानंतर काय झालं ते पाहा. मास्टर्सवाल्यांना जोडीदार आणायला जानेवारी २०२४पासून बंदी. 'लीव्ह'वाल्यांनी मत दिलं होतं माणसं कमी करायला, तुम्हाला जागा करायला नव्हे.

स्लावकर

सगळं वाचलं. निफाडकर, तुमच्या लाकडाचं मला सुचलंच नव्हतं. बाजीराव, तुम्ही माझ्या बाजूचे, पण ट्रम्पच्या १० टक्क्यांसाठी मी २०१६ला फुली मारली नव्हती, ते श्रेय मला नको.

मांडवीपार, मतदानाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या दिवशी हॉलमधून बाहेर पडताना मला वाटलं होतं, वा, परदेशी असून आपल्याला विचारलं. कोणाला विचारलं नाही ते तेव्हा डोक्यात आलं नाही.

एक गोष्ट मात्र अजून सोडत नाही. २९,०००ची अट घालणारे कोण होते हे मला माहीत होतं, आणि जुलै २०२४ला त्यांना घरी पाठवता आलं. हुजूर पक्षाला १२१ जागांवर आणून ठेवलं लोकांनी. ब्रसेल्समध्ये कोणाला घरी पाठवायचं असतं तर मी कुठल्या शाळेत जाऊन पेन्सिल धरली असती?

आकडेबाज

पाठवलंत की घरी. त्यांच्या जागी मजूर पक्षवाले आले, त्यांनी २९,०००ची अट तशीच ठेवली, आणि कुशल कामगाराच्या व्हिसाला लागणारा पगार ३८,७००वरून ४१,७०० केला. जुलै २०२५, करारावर सह्या झाल्या त्याच आठवड्यात.